स्वादुपिंडाचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचे भवितव्य आणि रक्तातील दाहाच्या खुणा

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांपुढे बसतात, तेव्हा त्यांच्या मनात दोन प्रश्न असतात. शस्त्रक्रिया निभावेल काय, हा पहिला. आणि निभावली तर पुढे किती काळ, हा दुसरा. पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात. दुसरा ओठांवर येत नाही. तथापि धानाची शेती गहाण टाकावी किंवा कसे, हे त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावरच पुष्कळदा ठरत असते. अलीकडे या दोन्ही प्रश्नांच्या संदर्भात रक्ताच्या काही साध्या तपासण्यांचा उल्लेख वारंवार होऊ लागला आहे. या तपासण्या काय सांगतात, किती सांगतात आणि गोंदिया जिल्ह्यातील रुग्णांच्या बाबतीत त्यांचा अर्थ लावताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यासमोर मांडावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी वसलेली ग्रंथी होय. अन्न पचविणारे रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन ती निर्माण करते. ती इतकी खोलवर दडलेली आहे की तिच्यातील गाठ हाताला लागत नाही, आणि दुखू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. गाठ ग्रंथीच्या शिरोभागात असल्यास पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ होते. ही कावीळ पुष्कळदा वेदनारहित असते आणि म्हणूनच फसवी ठरते. काविळीची माळ, मुळी, पथ्य यांत काही आठवडे निघून जातात. पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह आणि सोबतीला घटणारे वजन, ही दुसरी खूण. निदानाच्या वेळी शंभर रुग्णांपैकी साधारण पंधरा ते वीस जणांचीच गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे हा रोग मराठी घराघरांत ठाऊक झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते प्रथम रुग्णालयात दाखल झाले आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. देशविदेशातील उत्तम उपचार उपलब्ध असतानाही हा रोग किती कठोर आहे, हे त्या तेरा महिन्यांत सर्वांनी पाहिले.

शिरोभागातील गाठीसाठी जी शस्त्रक्रिया केली जाते, तिला न्यूयॉर्कचे शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांचे नाव आहे. त्यांनी १९३५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वादुपिंडाचा शिरोभाग, लहान आतड्याचा प्रारंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा आतड्याशी जोडावे लागतात. जोड तीन असतात. त्यांपैकी स्वादुपिंड आणि आतडे यांमधील जोड सर्वांत नाजूक, कारण तेथून झिरपणारा रस मांस पचविण्यासाठीच निसर्गाने निर्माण केलेला आहे. ही शस्त्रक्रिया जेथे सातत्याने आणि मोठ्या संख्येने होते तेथेच ती अधिक सुरक्षित ठरते, हा जगभरचा अनुभव आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आपल्या सलग बाराशे शस्त्रक्रियांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही हाच मुद्दा आहे. आपल्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली जात नाही आणि करूही नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपले काम शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे आहे, आणि रक्ताच्या तपासण्यांचा प्रश्न येतो तो नेमका येथेच.

दाह म्हणजे काय?

पायाला काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि दुखते. हा दाह होय. शरीराने शत्रूशी पुकारलेले ते युद्ध असते आणि काटा निघाला की ते थांबते. कर्करोगात काटा निघत नाही. गाठीतील पेशी आणि तिच्याभोवती जमलेल्या संरक्षक पेशी सतत संदेशवाहक द्रव्ये सोडीत राहतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य रक्तावाटे यकृतापर्यंत पोचते आणि यकृत आपल्या कामाचा क्रम बदलते. नित्याची प्रथिने करणे कमी होते, युद्धकाळाची प्रथिने करणे वाढते. गाठ पोटात खोल असली तरी तिच्या हालचालींचा हा पडसाद दंडातून काढलेल्या पाच मिलिलिटर रक्तात उमटतो. कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या रक्तपेशी आढळतात, हे जर्मन रोगविज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच नोंदविले होते; त्या निरीक्षणाचा रुग्णाच्या भवितव्याशी संबंध जोडण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

युद्धकाळातील प्रथिनांत सर्वांत परिचित नाव सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. निरोगी व्यक्तीत त्याचे प्रमाण अत्यल्प असते. दाह सुरू होताच काही तासांत ते वाढू लागते आणि सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते. कारण दूर झाले की रक्तातील प्रमाण साधारण दर एकोणीस तासांनी निम्मे होत जाते. या चपळ स्वभावामुळेच ते वैद्यकास उपयोगी पडते.

अल्ब्युमिनचा स्वभाव नेमका उलट. हे यकृताचे नित्याचे प्रथिन असून रक्तात त्याचे आयुष्य मंद गतीने, आठवड्यांच्या हिशेबाने सरते. अल्ब्युमिन घटले म्हणजे रुग्णाने नीट खाल्ले नाही, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. दीर्घकाळच्या दाहात यकृत अल्ब्युमिन कमी करते आणि रक्तवाहिन्यांतून ते झिरपूनही जाते. म्हणून महागडी अल्ब्युमिनची बाटली चढवून कागदावरचा आकडा वर नेता येतो, परंतु आकडा खाली नेणारे कारण जागचे हलत नाही. या बाटलीसाठी कर्ज काढण्यापूर्वी तिची खरोखर गरज आहे काय, हे डॉक्टरांना जरूर विचारावे; विचारण्यात संकोच नसावा.

ग्लासगो येथील संशोधकांनी २००३ च्या सुमारास या दोन प्रथिनांची सांगड घालून एक सोपी गुणपद्धती तयार केली आणि पुढे २००७ मध्ये तीत सुधारणा केली. सीआरपी दर लिटरला दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास शून्य गुण. त्याहून अधिक असल्यास एक. सीआरपी अधिक आणि शिवाय अल्ब्युमिन दर लिटरला पस्तीस ग्रॅमपेक्षा कमी असल्यास दोन. या परीक्षेत अधिक गुण मिळणे वाईट. प्रारंभी फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी वापरलेली ही पद्धती नंतर इतर कर्करोगांतही उपयोगी असल्याचे आढळून आले. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, गाठ काढल्यानंतरही ज्यांचे सीआरपी उतरत नाही त्यांचे आयुष्यमान कमी राहते, असा अनुभव ग्लासगोच्याच शल्यविशारदांनी २००५ मध्ये मांडला.

तिसरी खूण तर नेहमीच्या रक्तगणनेतच दडलेली आहे. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल हे आघाडीचे शिपाई, तर लिम्फोसाइट हे शत्रूची ओळख पटवून त्याला नेमके टिपणारे. कर्करोगाशी खरा सामना देतात त्या प्रामुख्याने लिम्फोसाइट पेशी. न्यूट्रोफिल वाढले की त्यांतील काही उलट गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि लिम्फोसाइटना दडपतात. यासाठी पहिल्या संख्येला दुसरीने भागायचे. अहवालात न्यूट्रोफिल साठ टक्के आणि लिम्फोसाइट तीस टक्के असल्यास गुणोत्तर दोन येते. बहात्तर आणि अठरा असल्यास चार. निरोगी माणसात ते सामान्यतः एक ते तीनच्या दरम्यान असते. शस्त्रक्रियेपूर्वी हे गुणोत्तर चढे असलेल्या गटातील रुग्ण सरासरीने कमी काळ जगतात, असे अनेक देशांतील अभ्यासांतून आढळले आहे. प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तरही याच धर्तीवर काढले जाते, पण त्याचा आधार तुलनेने दुबळा वाटतो.

यात नवीन यंत्र नाही, नवीन रसायन नाही. तालुक्याच्या गावी होणाऱ्या तपासणीतूनच हे आकडे निघतात. त्यांचे आकर्षण तेथेच आहे, आणि धोकाही तेथेच.

आकडा कसा तयार होतो

धोका प्रथम मोजणीतला. जेथे यंत्र नाही तेथे तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्ताचा थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजतो आणि त्यांत कोणत्या किती, ते लिहितो. त्याने अठरा लिम्फोसाइट मोजल्या, तर रक्तातील खरे प्रमाण केवळ योगायोगाच्या फरकाने अकरापासून सत्तावीस टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते; यात तंत्रज्ञाचा दोष नाही, शंभर ही संख्याच लहान आहे. लिम्फोसाइट अकरा धरल्या तर गुणोत्तर सातच्या वर जाते, सत्तावीस धरल्या तर सव्वादोनच्या आसपास येते. म्हणजे त्याच रुग्णाचा त्याच दिवशीचा कागद एकदा भयसूचक आणि एकदा आश्वासक ठरू शकतो. हजारो पेशी मोजणारे स्वयंचलित यंत्र ही म्हणूनच चैनीची वस्तू नव्हे. अशा यंत्रासाठी देणगी देणाऱ्यांच्या पैशाचे काय होते, याचे हे एक उत्तर.

सीआरपीच्या बाबतीत दुसरी अडचण आहे. लहान प्रयोगशाळांत पुष्कळदा काचपट्टीवरील चाचणी होते आणि अहवालात केवळ ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढेच येते. ग्लासगोच्या गुणांसाठी तो अहवाल निरुपयोगी होय. प्रत्यक्ष संख्या हवी. शिवाय काही प्रयोगशाळा लिटरमागे तर काही डेसिलिटरमागे संख्या देतात. लिटरमागे दहा मिलिग्रॅम आणि डेसिलिटरमागे एक मिलिग्रॅम हे प्रमाण एकच. हा भेद न कळल्यामुळे ‘गेल्या महिन्यात एक होते, आता दहा झाले’ म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. अल्ब्युमिनचेही तसेच : पस्तीस आणि साडेतीन एकच.

गोंदियाचे रक्त आणि ग्लासगोचा आकडा

धोका दुसरा अधिक गंभीर. उपरोक्त सीमारेषा मुख्यत्वे युरोप, जपान आणि चीनमधील रुग्णांवरून ठरल्या आहेत, आणि त्याही एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी गुणोत्तराची सीमा अडीच धरतो, कोणी पाच. आपल्या जिल्ह्यातील माणूस या रोगाकडे येतो तो कोऱ्या पाटीने नव्हे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या वनक्षेत्रांत हिवताप आहे. त्यात सीआरपी वाढते आणि प्लेटलेट घटतात. क्षयरोगात सीआरपी चढते, अल्ब्युमिन उतरते, लिम्फोसाइट कमी होतात, अर्थात फुफ्फुसातील क्षय एकट्याच्या बळावर ग्लासगोचे दोन गुण मिळवून देऊ शकतो. हत्तीरोगाच्या तापाच्या उचलीतही दाहदर्शक चढतात. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. प्रत्यक्ष आजार असलेल्या व्यक्तीच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठणठणीत असतानाही इतरांपेक्षा अधिक असतात. नुसत्या वाहकांच्या मोजणीत सहसा फरक पडत नाही, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण वाहक आणि रुग्ण यांची गल्लत आपल्याकडे फार होते. तशातच पोटापुरता भात मिळतो पण वरण पातळ, अशा घरांतील माणसाचे अल्ब्युमिन रोगाआधीच काठावर असते.

आणखी एक कारण बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. पोट दुखते किंवा कणकण वाटते म्हणून गावात जे इंजेक्शन घेतले जाते, त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. एका मात्रेनंतर काही तासांतच न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. दुसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत गुणोत्तर दुप्पट आले, तर तो कर्करोगाचा प्रताप असेलच असे नाही.

काविळीचा मुद्दा तर स्वतंत्रच. तुंबलेल्या पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला की थंडी वाजून ताप येतो आणि सर्व दाहदर्शक एकदम उसळतात. कर्करोगासाठी वापरली जाणारी सीए १९-९ ही तपासणीदेखील काविळीत खोटी चढते, आणि विशिष्ट रक्तगटाच्या काही व्यक्तींत ती रोग असूनही चढत नाही. यास्तव नलिकेत जाळीची नळी बसवून कावीळ उतरल्यावर, संसर्ग शमल्यावर पुन्हा केलेली तपासणीच विचारात घ्यावी. या रोगात घाईने घेतलेला आकडा दिशाभूल करतो.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हे या आकड्यांवरून ठरत नाही. ते ठरते सीटी स्कॅनमध्ये गाठीचा मोठ्या रक्तवाहिन्यांशी संबंध कसा दिसतो, यकृतात किंवा अन्यत्र प्रसार आहे काय आणि रुग्णाची एकंदर ताकद किती आहे, यांवरून. गुणोत्तर सहा आले म्हणून काढण्याजोगी गाठ असलेल्या रुग्णास घरी नेणे, ही आमच्या मते अन्यायाची गोष्ट होय. सरासरी म्हणजे अनेकांच्या आयुष्यांची केलेली एकत्र बेरीज असते. समोरचा रुग्ण त्या गटात कोठे बसेल, ते ती सांगत नाही. चढ्या आकड्याचा योग्य उपयोग आधी कारण शोधण्यासाठी आणि तयारीसाठी करावा. हिवतापाची काचपट्टी, छातीचा क्ष-किरण, दातांची आणि लघवीची तपासणी करून दडलेला संसर्ग निपटावा. साखर आटोक्यात आणावी. बिडी, तंबाखू, खर्रा पूर्णतः थांबवावा. अंडी, मासे, दूध, डाळ, जे परवडेल आणि पचेल ते वाढवावे. मळ चिकट, तेलकट होत असल्यास पाचक रसांच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्याव्यात. रोज चालावे. दोन-तीन आठवड्यांची अशी तयारी ही वेळेची उधळपट्टी नव्हे, मात्र ती शल्यविशारदांच्या सल्ल्याने आणि त्यांनी दिलेल्या तारखेच्या आतच झाली पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस

दीर्घ आयुष्याच्या भाकितापेक्षा याच तपासण्यांचा आम्हास अधिक मोलाचा वाटणारा उपयोग शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातला आहे. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सीआरपी प्रत्येकाचेच चढते. शंभर-दीडशेचा आकडा पाहून हादरण्याचे कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर त्याने उतरणीला लागावे, ही अपेक्षा असते. ते उतरले नाही, किंवा उतरून पुन्हा चढले, तर कोठेतरी जोड झिरपत असावा अथवा पू साठत असावा, असा संशय घेतला जातो. त्याचबरोबर पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या द्रवातील अमायलेज मोजतात; तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ते रक्तातील सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असल्यास गळतीची शक्यता गृहीत धरून रुग्णावर बारीक लक्ष ठेवले जाते. ताप येण्यापूर्वी, पोट फुगण्यापूर्वी आकड्याची ही चाल शल्यविशारदास सावध करते. येथे एका तपासणीपेक्षा तपासण्यांची मालिका महत्त्वाची ठरते, आणि रुग्णाची तुलना ग्लासगोच्या माणसाशी न होता त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी होते. सिकलसेल असो वा कुपोषण, ते कालही होते आणि आजही आहे. बदलले ते काय, एवढेच पाहायचे.

गुंतागुंत टळण्याचे मोल केवळ रुग्णालयातून लवकर सुटण्यात नाही. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घ्यावी लागते, आणि ती साधारणतः तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावी अशी अपेक्षा असते. फ्रान्स आणि कॅनडामधील रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चार औषधांची जोमदार केमोथेरपी पेलू शकलेल्या रुग्णांच्या गटात मध्यम आयुष्यमान सुमारे ५४ महिने आढळले, तर एकाच औषधाच्या गटात ३५ महिने. मध्यम म्हणजे निम्मे रुग्ण त्याहूनही अधिक जगले. ते सर्व शस्त्रक्रियेनंतर चांगले सावरलेले, निवडक रुग्ण होते, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. पण गळती आणि पू यांत दोन-तीन महिने गेलेल्या रुग्णास ही संधी बहुधा मिळतच नाही. तिसऱ्या दिवशीचा आकडा आणि तिसऱ्या वर्षीचे आयुष्य यांमधील धागा असा आहे.

आपला रुग्ण नागपूरहून किंवा विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईहून परततो तेव्हा टाके काढलेले असतात, पण धोका पुरता सरलेला नसतो. पोटातील पू पंधरा-वीस दिवसांनीही डोके वर काढू शकतो. नागपूर येथून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. ताप, पोटदुखी, जखमेतून द्रव, काळी शौच किंवा उलटीत रक्त यांपैकी काही दिसल्यास आधी येथे यावे. काळी शौच किंवा रक्त दिसल्यास तर क्षणाचाही विलंब नको, कारण शस्त्रक्रियेच्या जागेतील उशिराचा रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. इतर तक्रारींत सीआरपी आणि रक्तगणना तासा-दोन तासांत होते, आणि सुटीच्या वेळच्या आकड्याशी ती ताडून पाहिली की रुग्णास त्याच रात्री पुढे पाठवावे की सकाळपर्यंत थांबावे, हे दूरध्वनीवरून शल्यविशारदांशी बोलून ठरविता येते.

म्हणून प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे की, सर्व कागद तारखेच्या क्रमाने एका पिशवीत ठेवावेत : आजारापूर्वीची एखादी जुनी रक्तगणना, सिकलसेलचे कार्ड असल्यास ते, क्षयरोगाच्या उपचाराची नोंद, कावीळ उतरल्यानंतरची तपासणी, शस्त्रक्रियेचा आणि सुटीचा कागद, आणि गावात घेतलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीवरील नाव. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधारची प्रतही त्याच पिशवीत असावी. शक्य असेल तेथे एकाच प्रयोगशाळेतून तपासणी करावी, म्हणजे आजचा आकडा आणि कालचा आकडा एकाच मापाने मोजलेला असेल.